गुण भागिले सेकंद

आधी एक छोटं गणित करू या. सहावीच्या पुढचं नाही, घाबरू नका.

तीन नेमबाज आहेत. प्रत्येकासमोर साधारण १० मीटरवर पुठ्ठ्याची तीन टार्गेटं. प्रत्येकानं एकूण १२ गोळ्या झाडायच्या. टार्गेटच्या मधल्या भागात गोळी लागली तर ५ गुण, त्याच्या बाहेरच्या पट्ट्यात ३, अगदी कडेला १, आणि पुठ्ठाच हुकला तर उणे १०. पहिल्यानं जपून सगळ्या गोळ्या मधोमध मारल्या. ६० गुण, वेळ १० सेकंद. दुसऱ्याच्या दोन गोळ्या जरा बाहेर गेल्या. ५६ गुण, पण वेळ ८ सेकंद. तिसऱ्यानं ७ सेकंदांत आटोपलं, पण त्याच्या दोन गोळ्या बाहेर आणि एक पार हुकली. ४१ गुण. आता गुणांना सेकंदांनी भागा. उत्तरं येतात ६, ७ आणि ५.८६. दुसरा जिंकला, आणि घाईवाला तिसरा शेवटी गेला. आपल्या घाटरस्त्यांवर 'अति घाई संकटात नेई' अशी पाटी असते, तिची आठवण मला इथे नेहमी होते. फरक इतकाच की या खेळात अति सावकाशीही संकटात नेते.

या भागाकाराच्या उत्तराला 'हिट फॅक्टर' म्हणतात, आणि ज्या खेळात तो चालतो त्याला 'प्रॅक्टिकल शूटिंग'. नेमबाजी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कोल्हापूरची राही सरनोबत येते. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात तिनं सुवर्णपदक जिंकलं. तो खेळ वेगळा. तिथे एका जागी उभं राहून, एका हातात पॉइंट २२चं पिस्तूल धरून मारायचं असतं. इथे कमरेच्या होल्स्टरमध्ये मोठ्या काडतुसाचं पिस्तूल, पट्ट्यावर भरलेली मॅगझिनं, समोर पुठ्ठ्याची आणि लोखंडी टार्गेटं, मध्ये लाकडी भिंती, खिडक्या, दारं. टायमर 'बीप' करतो आणि तुम्ही धावत, वाकत, मॅगझिन बदलत शेवटपर्यंत जाता. मागे टायमर घेऊन रेंज ऑफिसर धावत असतो.

मी इथे अमेरिकेत मिडवेस्टमध्ये हा खेळ गेली काही वर्षं खेळतो. फार चांगला नाही. यादीत मधे कुठेतरी असतो. पण गेल्या गणपतीत मंडळाच्या जेवणाच्या रांगेत तिघांनी मला वेगवेगळं गाठून एकच प्रश्न विचारला: "सुरुवात करायची तर कुठलं पिस्तूल घेऊ?" हातात वरणभाताचं ताट घेऊन या प्रश्नाचं नीट उत्तर देता येत नाही, कारण ते द्यायला पन्नाशीच्या दशकात जावं लागतं. म्हणून हा लेख.

लॉस एंजेलिसच्या पूर्वेला सॅन बर्नार्डिनोच्या डोंगरात बिग बेअर नावाचं तळ्याकाठचं गाव आहे. (तिकडची आपली मंडळी हिवाळ्यात मुलांना बर्फ दाखवायला नेतात, तेच.) पन्नाशीच्या दशकात अमेरिकी टीव्हीवर काउबॉय मालिकांची लाट होती आणि तिच्याबरोबर आलेलं 'फास्ट ड्रॉ'चं वेड. होल्स्टरमधून रिव्हॉल्व्हर कोण आधी काढतो, एवढीच शर्यत. बहुतेक ठिकाणी हा प्रकार मेणाच्या गोळ्यांवर नाहीतर नुसत्या आवाजाच्या काडतुसांवर चाले. बिग बेअरला राहणाऱ्या जेफ कूपरनं आणि त्याच्या मित्रांनी खऱ्या गोळ्यांची स्पर्धा सुरू केली. नाव 'लेदरस्लॅप', म्हणजे चामड्याच्या होल्स्टरवर हात आपटणं.

कूपर १९२० चा जन्म, मरीन कोअरमधला लेफ्टनंट कर्नल, दुसऱ्या महायुद्धात लढलेला, पुढे इतिहासात एम.ए. केलेला. लेखणी धारदार आणि मतं त्याहून. त्याला प्रश्न पडला होता तो साधा होता: जीव वाचवायला पिस्तूल वापरायची वेळ आली तर नेमकी कुठली पद्धत चालते? पोलिसांच्या आणि सैन्याच्या पद्धती एका हातानं, सावकाश टार्गेट मारण्याच्या होत्या. सिनेमातली पद्धत कमरेवरूनच झाडण्याची. कुणाचं खरं, हे ठरवायचा एकच मार्ग त्याला दिसला: स्पर्धा लावा, कुठल्याही पद्धतीला बंदी करू नका, आणि कोण जिंकतं ते पाहा.

लेदरस्लॅपमध्ये ७ यार्डांवर मोठे फुगे लावलेले असत. दोघे शेजारी शेजारी उभे राहून एकमेकांविरुद्ध मारत. सात यार्ड म्हणजे आपल्या हॉलच्या एका टोकापासून स्वयंपाकघरापर्यंत. तिथून फुगा हुकेल असं कुणालाच वाटत नसे, म्हणून सगळे कमरेवरूनच भराभर झाडत, आणि भराभर हुकवत. १९५९ साली लॉस एंजेलिस काउंटीच्या शेरिफ खात्यातला जॅक वीव्हर नावाचा डेप्युटी रिव्हॉल्व्हर दोन्ही हातांत धरून डोळ्यांसमोर आणू लागला आणि माशी पाहून चाप ओढू लागला. त्याला एक क्षण जास्त लागे, पण फुगा फुटे. तो ती स्पर्धा जिंकला. थोड्याच काळात बाकीच्यांनीही दुसरा हात पिस्तुलाला लावला. आज जगातल्या कुठल्याही पोलिसाला तुम्ही दोन हातांनी पिस्तूल धरलेलं पाहता, त्यामागे इतर कारणं असतीलही, पण बिग बेअरच्या त्या फुग्यांचा वाटा मोठा आहे. कूपरनं या पद्धतीला 'वीव्हर स्टान्स' नाव देऊन आपल्या लेखांमधून ती जगभर नेली.

मला या गोष्टीतलं आवडतं ते हे की कूपर स्वतः त्या मंडळींमधला मुख्य माणूस असूनही हरल्यावर त्यानं आपली पद्धत बदलली. नंतरच्या आयुष्यात तो इतका लवचिक राहिला नाही. ते पुढे येईलच.

कॅलिफोर्नियात या लोकांची एक लीग झाली, तिच्या नावात 'कॉम्बॅट' शब्द होता. हा शब्द लक्षात ठेवा. १९७५ साली झुरिकला पहिली जागतिक स्पर्धा झाली आणि कॅलिफोर्नियाचाच रे चॅपमन ती जिंकला. पुढच्या वर्षी, मे १९७६ मध्ये, मिसुरीतल्या कोलंबिया गावी देशोदेशीचे नेमबाज जमले आणि 'इंटरनॅशनल प्रॅक्टिकल शूटिंग कॉन्फेडरेशन' म्हणजे आयपीएससी स्थापन झाली. कूपर पहिला अध्यक्ष. नावात 'कॉम्बॅट'च्या जागी 'प्रॅक्टिकल' आलं. ब्रीदवाक्य लॅटिनमध्ये, तीन शब्दांचं: अचूकता, ताकद, वेग. त्याच वर्षी कूपरनं ॲरिझोनातल्या पॉल्डनजवळ आपली शाळा काढली, ती 'गनसाइट' नावानं अजून चालू आहे.

याच इतिहासातलं एक पान फार कुणी वाचून दाखवत नाही. १९७७ ची जागतिक स्पर्धा ऱ्होडेशियात, सॅलिसबरीला झाली. तेव्हा त्या गोऱ्या राजवटीवर संयुक्त राष्ट्रांचे निर्बंध होते आणि देशात युद्ध चालू होतं. १९७९ आणि १९८१ च्या स्पर्धा वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेत झाल्या. आपल्यासारख्या रंगाच्या माणसाला त्या काळात त्या रेंजवर कोणत्या दारानं आत घेतलं असतं, हा प्रश्न मला इतिहास वाचताना पडतोच. आज माझ्या क्लबात व्हिएतनामी, फिलिपिनो, मेक्सिकन सगळे असतात आणि सगळे एकमेकांची टार्गेटं तपासतात. पण खेळ कुठून आला ते लपवण्यात अर्थ नाही.

आता ब्रीदवाक्यातल्या मधल्या शब्दाकडे, ताकदीकडे. कारण तुमच्या 'कुठलं पिस्तूल घेऊ' या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथे आहे.

नुसते गुण भागिले सेकंद असतील तर सगळे शहाणे हलकं, धक्का न देणारं काडतूस वापरतील. कूपरला ते नको होतं. तो पॉइंट ४५चा कट्टर भक्त. म्हणून नियम आला की काडतुसाची ताकद मोजायची. सुरुवातीला गोळी एका लोंबत्या लोलकावर मारून तो किती झुलतो ते पाहत. पुढे वेग मोजणारं यंत्र आलं. हिशेब सोपा आहे: गोळीचं वजन ग्रेनमध्ये, गुणिले तिचा वेग फूट प्रतिसेकंदात, भागिले १०००. पॉइंट ४५ची २३० ग्रेनची गोळी ८३० च्या वेगानं गेली तर आकडा येतो १९१. नाइन एमएमची १२४ ग्रेनची गोळी १०५० नं गेली तर १३०. ठरावीक आकड्याच्या वर असलात तर तुम्ही 'मेजर', खाली असलात तर 'मायनर'. अमेरिकेत आज तो उंबरठा १६५ आहे, आणि १२५ च्या खाली तुमचे गुणच धरत नाहीत. मेजरवाल्याची गोळी बाहेरच्या पट्ट्यात लागली तर ३ ऐवजी ४ गुण मिळतात, कडेला १ ऐवजी २. मधल्या भागात दोघांनाही ५ च. आपल्या दुसऱ्या नेमबाजाचं पिस्तूल मेजर असतं तर ५६ ऐवजी ५८ गुण झाले असते, आणि ७ ऐवजी ७.२५. किरकोळ वाटतं? जागतिक स्पर्धेत यापेक्षा कमी फरकानं माणसं खाली येतात.

हे सूत्र एकदा कागदावर आलं आणि मग जे झालं ते कूपरच्या हातात राहिलं नाही. सूत्राला आत्मसंरक्षण कळत नाही, त्याला गुण आणि सेकंद कळतात. नेमबाजांमध्ये इंजिनियर आणि तोफखान्यासारखी वर्कशॉपं बाळगणारे कारागीर भरपूर होते. त्यांनी विचार केला: मेजरचा आकडा गाठायचाच आहे, तर जड आणि संथ गोळीऐवजी हलकी आणि वेगवान घेतली तर? पॉइंट ३८ सुपर हे १९२९ पासूनचं जवळजवळ विसरलेलं काडतूस उकरून काढलं गेलं. १२५ ग्रेन गुणिले १३३० म्हणजे १६६. त्यात दारू जास्त जळते, म्हणजे वायू जास्त. नळीच्या तोंडाशी वर भोकं असलेला एक ठोकळा लावला, त्याला कॉम्पेन्सेटर म्हणतात, की तो वायू वर सुटतो आणि पिस्तुलाचं तोंड खाली दाबतो. धक्का बसायच्या आत माशी परत जागेवर. सुरुवातीला यात अपघातही झाले. काडतुसाचं पितळ आधाराअभावी फाटून गरम वायू आणि तुकडे चेहऱ्यावर उडत; त्या चेहऱ्याला नेमबाजांनी 'सुपर फेस' असं नाव ठेवलं होतं. विनोदबुद्धी शाबूत, भुवया नाहीत.

मग मॅगझिन. पॉइंट ४५च्या जुन्या पिस्तुलात ७-८ गोळ्या मावतात. बारीक काडतूस, दुहेरी रांगेचं मॅगझिन, आणि ते १७० मिलिमीटर लांब करायला परवानगी, म्हणजे 'ओपन' गटात आज २८-२९ गोळ्या. मॅगझिन बदलायला लागणारे दीड-दोन सेकंदच वाचले. मग होल्स्टर. चामड्याचं, पिस्तूल पूर्ण झाकणारं होल्स्टर जाऊन चापाच्या कड्यापाशी पकडणारा नुसता सांगाडा आला. मग नेम. १९९० च्या जागतिक स्पर्धेत, ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडला, डग केनिगनं लाल ठिपका दाखवणारी दुर्बीण लावून विजेतेपद घेतलं. माशी आणि खाच यांची सांगड घालायची गरजच संपली. ठिपका ठेवा आणि ओढा. त्यानंतर ओपन गटात उघड्या माशीनं कुणी गंभीरपणे उतरलं नाही.

उभं राहण्याची पद्धतही बदलली, आणि हे मला सगळ्यात गमतीचं वाटतं. वीव्हरची पद्धत म्हणजे शरीर तिरपं, एक हात पुढे ढकलतो, दुसरा मागे ओढतो. कूपरच्या शाळेत हे जवळपास धर्मासारखं शिकवलं जाई. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला त्याच ॲरिझोनातल्या दोन तरुणांनी, रॉब लेदम आणि ब्रायन एनॉस यांनी, सरळ समोर तोंड करून, दोन्ही हात सारखे लांब करून मारायला सुरुवात केली. धक्का अडवायचा नाही, तो येऊ द्यायचा आणि पिस्तूल आपोआप परत येऊ द्यायचं. लेदम १९८३ साली जगज्जेता झाला. पंचवीस वर्षांपूर्वी कूपरनं जसं वीव्हरला जिंकताना पाहून आपला हात बदलला होता, तसंच आता व्हायला हवं होतं. कूपर मात्र बदलला नाही. त्याच्या मते हा आता जीव वाचवायचा सराव राहिला नव्हता, नुसता खेळ झाला होता. २००६ साली तो गेला, तोवर ही नाराजी त्यानं पुष्कळ लिहून ठेवली.

त्याचं म्हणणं चूक होतं असं मी म्हणणार नाही. १९९६ मध्ये बिल विल्सन आणि काही जणांनी 'आयडीपीए' नावाची वेगळी संघटना काढली. साधं, खिशाला परवडणारं, अंगावर लपवून बाळगता येईल असं पिस्तूल, कोटाच्या आतून काढायचं. गंमत अशी की सुरुवातीचा गाजलेला कॉम्पेन्सेटर बनवणारा कारागीर हाच विल्सन. आग लावणारेही तेच आणि बंब आणणारेही तेच! आयपीएससी आणि तिच्या अमेरिकी शाखेनंही साध्या पिस्तुलांसाठी वेगळे गट काढले, आणि आता साध्या पिस्तुलावर छोटा लाल ठिपका लावलेला गट अमेरिकेत सगळ्यात लोकप्रिय गटांपैकी आहे. म्हणजे १९९० ची शर्यत पुन्हा एकदा, कमी किमतीत.

आता तो 'कॉम्बॅट' शब्द. या खेळानं आपल्या जन्माच्या खुणा पुसायचा खूप प्रयत्न केला. आयपीएससीच्या नियमांत सैनिकी ठिपक्यांचे कपडे घालून उतरता येत नाही. टार्गेटला पूर्वी डोकं होतं. अनेक देशांत माणसाच्या आकारावर गोळ्या मारणं मान्य नसल्यानं बिनडोक्याचं आठ कोनी टार्गेट आणलं गेलं. पण कायदा करणाऱ्यांच्या नजरेत जन्मखूण राहतेच.

इंग्लंडमधल्या वाचकांना बिझली माहीत असेल, लंडनच्या नैर्ऋत्येला. १९९३ ची जागतिक स्पर्धा तिथे झाली. तीन वर्षांनी, १३ मार्च १९९६ ला, स्कॉटलंडमधल्या डनब्लेनच्या शाळेत एका परवानाधारकानं १६ मुलांना आणि त्यांच्या शिक्षिकेला गोळ्या घातल्या. १९९७ मध्ये दोन कायदे आले. पहिल्यानं मोठी पिस्तुलं गेली, दुसऱ्यानं पॉइंट २२ही. उत्तर आयर्लंड सोडून सगळ्या ब्रिटनमध्ये पिस्तुलाची नेमबाजी संपली. २००२ च्या मँचेस्टर राष्ट्रकुल स्पर्धेतली नेमबाजी त्याच बिझलीला झाली, तेव्हा पिस्तूल प्रकारांसाठी सरकारला खास सवलत द्यावी लागली. (आपल्या अंजली भागवतनं चार सुवर्णपदकं जिंकली ती तिथेच, अर्थात रायफलमध्ये.) ऑस्ट्रेलियानं २००३ मध्ये खेळाच्या पिस्तुलांना पॉइंट ३८ पर्यंतचा व्यास आणि १० गोळ्यांची मर्यादा घातली. कॅनडानं ऑक्टोबर २०२२ मध्ये पिस्तुलांची खरेदी-विक्री गोठवली आणि सवलत दिली ती ऑलिंपिक आणि पॅरालिंपिक प्रकारांच्या खेळाडूंना, प्रॅक्टिकलवाल्यांना नाही. टोरांटोच्या आसपासचे आपले एक-दोन जण खेळतात. आहे ते पिस्तूल वापरता येतं, पण मोडलं तर नवीन नाही, आणि नवा माणूस खेळात येणं बंद. एका पिढीत खेळ आपोआप मिटेल, अशी ती रचना आहे.

मी या कायद्यांविरुद्ध दंड थोपटायला बसलेलो नाही. माझी मुलगी शाळेत 'लॉकडाउन ड्रिल' करून घरी येते, त्या संध्याकाळी मला पिस्तूल हातात घ्यावंसं वाटत नाही, आणि मी घेतही नाही. पण खेळ म्हणून याची किंमत काय आहे ते सांगायला मला एका जपानी माणसाचं उदाहरण पुरतं.

'स्टील चॅलेंज' ही लोखंडी ताटं मारायची स्पर्धा १९८१ पासून अमेरिकेत होते. यात निव्वळ वेग मोजतात. २००४ साली तिची जागतिक स्पर्धा तात्सुया साकाई नावाच्या जपानी नेमबाजानं जिंकली. जपानमध्ये सामान्य माणसाला खरं पिस्तूल जवळजवळ अशक्य. त्याचा सराव होता प्लॅस्टिकचे छर्रे मारणाऱ्या एअरसॉफ्ट खेळण्यावर. जिथे पिस्तूल प्रत्येक मॉलमध्ये मिळतं त्या देशात येऊन त्यानं तिथल्या व्यावसायिकांना हरवलं.

हे कसं शक्य झालं ते पाहायचं तर पुन्हा एकदा हिशेब करू. लेखाच्या सुरुवातीची कवायत कूपरनंच रचलेली आहे, 'एल प्रेसिदेंते'. पाठ करून उभं राहायचं, बीप झाला की वळायचं, तिन्ही टार्गेटांवर दोन दोन गोळ्या, मॅगझिन बदलायचं, पुन्हा दोन दोन. कूपरच्या काळी १० सेकंद म्हणजे उत्तम. आज वरच्या फळीतले ५ च्या आसपास असतात. माझ्या एका ८ सेकंदांच्या धावेत टायमरनं दाखवलं ते असं: वळून पहिली गोळी २.२. मॅगझिन बदलणं २.३. एका टार्गेटवरून दुसऱ्यावर जाणं चार वेळा, अर्ध्या अर्ध्या सेकंदानं २.०. आणि त्याच टार्गेटवरची दुसरी गोळी सहा वेळा, पाव सेकंदानं १.५. करा बेरीज. खऱ्या धक्क्याशी झुंजायचा भाग तो शेवटचा दीड सेकंद. बाकीचे साडेसहा सेकंद गोळी न झाडता, घरात शिकता येतात. ऐंशीच्या दशकात गोळीचा आवाज ऐकणारे इलेक्ट्रॉनिक टायमर आले तेव्हा लोकांना हे पहिल्यांदा कळलं. त्याआधी कुणीतरी शिट्टी वाजवून स्टॉपवॉच दाबायचा आणि वेळ कुठे गेला हे देवालाच ठाऊक.

म्हणून त्या तिघांना माझं उत्तर असं. अमेरिकेत असाल तर आधी आपला व्हिसा पाहा. एच-१बी, एफ-१ अशा तात्पुरत्या व्हिसावर केंद्रीय कायद्यानं बंदूक आणि काडतुसं बाळगायला बंदी आहे. अपवाद मोजके, त्यातला माहितीतला म्हणजे शिकारीचा वैध परवाना. रेंजवर भाड्यानं घेऊन मारणं हेही 'बाळगणं' धरलं जाऊ शकतं. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही, पण राज्याराज्याचे कायदे वेगळे. इमिग्रेशन वकिलाला एक फोन करा. पिस्तुलापेक्षा स्वस्त पडेल.

मग पिस्तूल: साधं, पूर्ण आकाराचं, नाइन एमएमचं, कुठल्याही नावाजलेल्या कंपनीचं. मायनर गुण मिळतील, मिळू द्यात. मेजर-मायनरचा फरक फक्त मधल्या भागाबाहेर लागलेल्या गोळ्यांना आहे, आणि तुम्ही आधी मधल्या भागात मारायला शिकणार आहात. पैसे घाला ते पट्ट्यावर. आतला मऊ आणि बाहेरचा कडक असा दुहेरी पट्टा मिळतो, एकमेकांना चिकटणारा. पट्टा हलला तर पिस्तूल रोज वेगळ्या जागी सापडतं आणि तुमचा सगळा सराव पाण्यात. चाप पूर्ण झाकणारं कडक प्लॅस्टिकचं होल्स्टर, मॅगझिनचे तीन-चार कप्पे, चष्मा, कानाचं संरक्षण. आणि टायमर. टायमर दुसऱ्या महिन्यात नाही, पहिल्या दिवशी.

घरचा सराव: काडतुसं त्या खोलीतच नकोत. आमच्याकडे ती गॅरेजमधल्या कुलपात असतात आणि किल्ली बायकोकडे; ही तिची अट होती आणि ती बरोबर होती. मॅगझिन काढा, नळीच्या मागचा भाग डोळ्यांनी पाहा, करंगळीनं चाचपा. मग एक तृतीयांश आकाराचं कागदी टार्गेट भिंतीवर लावा आणि १० फुटांवर उभे राहा. ते तुम्हाला १० यार्डांवरच्या खऱ्या टार्गेटाएवढंच दिसेल. टायमरवर २ सेकंद लावा. पहिल्या बीपला हात हलतो, दुसऱ्या बीपच्या आत माशी किंवा ठिपका मधोमध स्थिर दिसला पाहिजे. दहापैकी नऊ वेळा जमलं की १.८. मग १.६. रोज पंधरा मिनिटं. यापेक्षा जास्त केलं तर मन भरकटतं आणि हात चुकीची गोष्ट पाठ करतो.

एका गोष्टीत मात्र टायमर विसरायचा. पिस्तुलाचं तोंड कायम मातीच्या बांधाकडे. तुमच्या डाव्या हातापासून उजव्या हातापर्यंत एक रेषा कल्पा. तोंड त्या रेषेच्या मागे आलं की खेळ संपला, कारणं ऐकली जात नाहीत. माझ्या पहिल्याच वर्षी मी डावीकडे धावत मॅगझिन बदलत होतो. उजव्या हाताच्या माणसाला धावताना पिस्तूल डावीकडे तिरपं धरायची सवय असते, आणि शरीरही डावीकडे वळलेलं. मागून 'स्टॉप!' असा आवाज आला. मला वाटलं टार्गेट पडलं असेल. सत्तरीचा रेंज ऑफिसर शांतपणे म्हणाला, पिस्तूल रिकामं करून दाखव, आणि मग, आजचा दिवस संपला. सव्वा तास गाडी चालवत मी घरी आलो. त्याला राग आला नव्हता. रेषेच्या मागे तो स्वतः उभा होता, एवढंच त्यानं मला नंतर सांगितलं.

त्या तिघांपैकी एक जण येत्या शनिवारी माझ्याबरोबर येतोय. पिस्तूल अजून घेतलेलं नाही. मी त्याला फक्त टोपी, पाण्याची बाटली आणि जुने बूट आणायला सांगितलंय. प्रत्येक धावेनंतर टार्गेटच्या भोकांवर कागदी ठिगळं चिकटवावी लागतात, आणि त्या कामाला माणसं नेहमी कमी पडतात.